इर्मेली आणि ओइवाचा उजवा कान

आमच्या नेमबाजीच्या रेंजवर सायलेन्सर लावलेली बंदूक घेऊन आलात, तर तो सायलेन्सर आधी इर्मेलीच्या हातात द्यावा लागतो. हा नियम कायद्यात नाही, क्लबच्या घटनेतही नाही. तो इर्मेलीच्या तोंडात आहे आणि तेवढं पुरतं. बंदुकीचा बोल्ट, म्हणजे मागची खिट्टी, काढून टेबलावर ठेवायचा, नळीच्या टोकाचा सायलेन्सर फिरवून काढायचा आणि तिच्यापुढे धरायचा. ती चष्मा कपाळावर चढवते, एक डोळा मिटून सायलेन्सरच्या भोकातून आभाळाकडे बघते, बोटाने आटे चाचपते आणि मग तुमच्याकडे बघते. लाकूडतोडीत उभा जन्म काढलेले आमच्याकडचे धिप्पाड गडी त्या बघण्याला टरकतात.

मी हिल्का. रेंजवरच्या कॉफीच्या खोपटात उभी असते. मी बंदूक हातात धरत नाही आणि मला त्यातलं काही कळतही नाही, असं मी म्हणायचे. पण इर्मेलीच्या शेजारी इतकी वर्षं काढल्यावर दगडालाही कळायला लागेल. सायलेन्सर लावला म्हणजे सिनेमातल्यासारखं फुस्स होतं, असं नवखे येऊन मला सांगतात तेव्हा मी त्यांना गोड पाव देते आणि गप्प बसवते. फुस्स वगैरे काही होत नाही. दणका असतोच, फक्त तो कान फाडणारा दणका न राहता लाकडी दार जोरात आपटल्यासारखा होतो. तेवढ्या फरकात माणसाचा कान वाचतो. इर्मेलीचं सगळं आयुष्य त्या तेवढ्या फरकात अडकलेलं होतं.

ती डेअरीचा दुधाचा टँकर चालवायची. हिवाळ्यात रस्ते काचेसारखे झालेले असताना शेताशेतांवर जाऊन दूध उचलायची, आणि त्या इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलायची सवय तिला जी लागली ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. ती तुम्हाला ‘मीठ दे’ म्हणाली तरी पलीकडच्या टेबलावरचा माणूस मीठ उचलतो. लोकांना वाटतं ती भांडकुदळ आहे. भांडकुदळ आहेच, पण आवाज त्यामुळे मोठा नाही.

आवाज मोठा असण्याचं दुसरं कारण तिचा नवरा. ओइवा. आमच्या क्लबचा सगळ्यात चांगला नेमबाज. रुळावरून पळणारा फळीवरचा मूस, आमच्याकडचं ते मोठ्या शिंगांचं रानहरीण, तो असा टिपतो की बघणाऱ्याला वाटावं, मूस स्वतःहून गोळीखाली आला. पण त्याचा डावा कान तरुणपणीच गेला. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीकडे असतो, सगळा मार त्यालाच बसतो. त्या काळी कानात घालायला काय होतं, तर रिकामी काडतुसं. ती खोचायची आणि आपण मोठे शहाणे म्हणून हिंडायचं. आमच्या वयाचे निम्मे पुरुष डाव्या बाजूने बहिरे आहेत आणि सगळे म्हणतात, बायको हळू बोलते.

त्यामुळे इर्मेली कायम ओइवाच्या उजवीकडे. जेवायला उजवीकडे, सौनाच्या, म्हणजे घामाघूम व्हायच्या वाफेच्या खोलीच्या, बाकावर उजवीकडे, चर्चमध्ये उजवीकडे. नाचाच्या मंडपात इतर जोड्या गोल फिरतात तेव्हा ही दोघं कशी फिरतात ते एकदा बघा. ती त्याच्या उजव्या खांद्याशी असते आणि तो तिच्याभोवती फिरतो. फक्त एका ठिकाणी हे जमत नाही. गाडीत. आमच्याकडे चालवणारा डावीकडे बसतो आणि इर्मेली स्टिअरिंग कुणाच्या बापाला देत नाही. टँकर चालवलेली बाई ती, नवऱ्याच्या शेजारी पाहुण्यासारखी काय बसणार? मग ओइवा उजवीकडच्या सीटवर, आणि त्याचा मेलेला कान तिच्याकडे. गावात म्हणतात, ह्यांचा संसार टिकला तो गाडीतल्या शांततेमुळे. मीही हा विनोद बऱ्याचदा केलेला आहे.

पण गाडीत शांतता नव्हती. इर्मेली बोलायची. एका दिवशी कॉफी पिता पिता तिने मला सांगितलं.

‘‘सगळं बोलते मी. त्याला ऐकू येत नाही म्हणून तर बोलते.’’

‘‘शिव्या देतेस?’’

‘‘शिव्या तर देतेच. माझी आई शेवटच्या आजारात होती तेव्हा हा शिकारीला गेला, ते अजून काढते दर वर्षी. पण चांगलंही बोलते.’’

‘‘चांगलं काय बोलतेस गं?’’

‘‘तुला कशाला सांगू? त्याला अजून सांगितलं नाही.’’ आणि तिने कप आपटला.

आता हे सायलेन्सरचं वेड तिला लागलं ते ओइवाच्या कानापायीच. डावा गेला तो गेला, पण उजवा राहिला पाहिजे, म्हणून तिने शिकायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळा क्लब तिच्याकडे विचारायला यायला लागला. तिने क्लबसाठी पेटीभर सायलेन्सर जमवले आणि प्रत्येकावर रंगाची पट्टी ओढली. आपल्या बंदुकीवरची पट्टी आणि सायलेन्सरवरची पट्टी जुळली तरच तो लावायचा. मोठ्या गोळीचा सायलेन्सर लहान गोळीच्या बंदुकीवर चालून जातो, फक्त आवाज जरा जास्त येतो. उलटं केलंत तर गोळी आत अडकून सगळं उडून येईल, असं ती पोराटोरांना न सांगता थेट क्लबच्या अध्यक्षाला सांगते, कारण चुका तोच करतो, असं तिचं म्हणणं.

तौनोचं उदाहरण घ्या. तौनो म्हणजे ओइवाचा लहानपणापासूनचा मित्र. मनाचा चांगला, पण घाई फार. नव्या बंदुकीसाठी त्याने शहरातून हातभर लांब सायलेन्सर आणला, का, तर दुकानदार म्हणाला सगळ्यात शांत आहे.

‘‘शांत आहे खरा,’’ इर्मेली म्हणाली, ‘‘पण तू बसून नेम धरतोस की पळत्या मुसावर?’’

‘‘पळत्या मुसावर.’’

‘‘मग हा बांबू पुढे लटकवून तू बंदूक फिरवणार कशी? मासे धरायला चाललायस का?’’

तौनोने तो ठेवलाच, आणि वर त्याची निगा म्हणून त्याला बायकोच्या भांडी धुण्याच्या मशीनमध्ये घातलं. अॅल्युमिनिअमचा होता. बाहेर आला तेव्हा काळा ठिक्कर पडलेला, अंगावर पांढरी भुकटी. इर्मेलीने तो सगळ्यांना दाखवला. मोठ्या बंदुकीच्या सायलेन्सरला धुणं-बिणं काही लागत नाही, हे तिने तेव्हा दहादा सांगितलं असेल. नेमबाजी संपली की नळीवरून उतरवायचा, घरातल्या कोरड्या उबेला उभा करून ठेवायचा, आट्यांना तेलाचा थेंब लावायचा, बस. उतरवायचाच. गोळीच्या धुराबरोबर आत पाणी धरतं. तो नळीवर राहिला की ते पाणी नळीत उतरतं आणि बंदूक गंजते. छोट्या बंदुकीचं वेगळं, तिच्या सायलेन्सरमध्ये शिसं साचतं, तो उघडून खरवडावा लागतो. हे ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि पुढच्या रविवारी कुणीतरी आपला ओला सायलेन्सर माझ्या पावांच्या ओव्हनमध्ये वाळत घातला. दालचिनीच्या पावांना दारूगोळ्याचा वास! तो कोण होता ते मला माहीत आहे, आणि त्याला अजून माझ्याकडे दुसरा कप मिळत नाही.

इतका सगळा कारभार बाईचा, आणि तिच्या स्वतःच्या नवऱ्याच्या बंदुकीला सायलेन्सर नव्हता.

घोडं अडलं होतं ते त्याच्या बापाच्या बंदुकीपाशी. ओइवा बापाची जुनी बंदूक वापरतो. सायलेन्सर बसवायचा तर नळीच्या टोकाला आटे पाडावे लागतात, आणि बापाच्या बंदुकीला सुरी लावू देणार नाही, असं ओइवाचं म्हणणं. आटे म्हणजे सुरी नव्हे, पण तो सुरीच म्हणायचा. कानांवर झाकणं घालतो तेवढी बस आहेत, असंही म्हणायचा. झाकणं म्हणजे ती हेडफोनसारखी, सगळ्यांनाच घालावी लागतात. पण ओइवाचा गाल बंदुकीच्या लाकडी दस्त्यावर टेकला की दस्ता उजवीकडच्या झाकणाला वर ढकलतो, फट पडते, आणि नेमका चांगला कान उघडा पडतो. हे इर्मेलीने टेबलाशी उभं राहून कितीदा पाहिलं होतं आणि कितीदा सांगितलं होतं.

वसंतात ती दोघं शहरात ओइवाचे कान तपासायला गेली तेव्हा डॉक्टरांनी कागदावरची रेघ दाखवली. उजवा कानही उतरणीला लागलाय. झाकणं आणि सायलेन्सर दोन्ही वापरा, नाहीतर बंदूक विका. असंच चालू राहिलं तर लवकरच हाही जाईल, आणि गेला की परत येणार नाही.

त्यानंतरच्या रविवारी इर्मेली माझ्या खोपटात आली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. 

‘‘त्याचा दुसरा कान गेला ना हिल्का, तर माझं सगळं घर गाडी होऊन जाईल.’’

 तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आमच्याकडे अशा वेळी माणूस कपात कॉफी ओततो, तशी मी ओतली. ती प्यायली, नाक पुसलं आणि पुन्हा आपल्या मूळ आवाजावर आली.

‘‘सॉसेजचं पाकीट दे एक.’’

‘‘भाजून?’’

‘‘कच्चं दे. आणि चिकटपट्टी.’’

तिने मनात एक सायलेन्सर निवडून ठेवला होता. पोलादी, आखूड, निम्मा नळीवर मागे सरकून बसणारा, म्हणजे बंदुकीची लांबी फारशी वाढत नाही आणि वजनही अगदी टोकाला लोंबत नाही. ओइवाचं दुसरं रडगाणं असं होतं की सायलेन्सरने बंदुकीचं नाक जड होतं आणि पळत्या मुसामागे ती फिरत नाही. माझ्या सॉसेजचं पाकीट तिच्या त्या सायलेन्सरच्या वजनाचं होतं. तिने ओइवाची बंदूक घेतली, तो सायलेन्सर जिथे बसला असता नेमकं तिथे नळीला ते पाकीट चिकटपट्टीने गुंडाळलं आणि सगळ्या क्लबसमोर त्याच्या हातात दिली.

‘‘गोळी नको घालू. नुसता मुसामागे फिरव.’’

‘‘लोक हसतायत, इर्मेली.’’

‘‘हसू देत. फिरव.’’

मूस रुळावरून सुटला. ओइवाने सॉसेज बांधलेली बंदूक खांद्याला लावली आणि पार शेवटपर्यंत मुसाच्या छातीवर धरून नेली. लोक हसायचे थांबले. ती आधीपेक्षा शांत फिरली होती, हे मला खिडकीतूनही दिसलं.

‘‘कशी आहे?’’

‘‘वाईट नाही,’’ ओइवा म्हणाला. लग्न झालं तेव्हा इर्मेलीबद्दलही तो एवढंच म्हणाला होता, म्हणून तिने समजायचं ते समजून घेतलं. पण आटे पाडायला तो तरीही तयार होईना. बापाची बंदूक ती बापाची बंदूक.

तो तयार झाला तो गाडीत. डॉक्टरांकडच्या दुसऱ्या तपासणीहून दोघं परत येत होती. संध्याकाळचं ऊन तिरपं पडलेलं, आणि ओइवाला आपल्या बाजूच्या काचेत तिचं प्रतिबिंब दिसत होतं. तिचे ओठ हलत होते. तो बघत राहिला. बराच वेळ हलत होते.

‘‘तू काय बोलतेस?’’ त्याने विचारलं.

ती इतकी दचकली की गाडी रस्त्याच्या कडेला गेली.

‘‘काही नाही.’’

‘‘कधीपासून बोलतेस?’’

इर्मेलीने गाडी थांबवली, त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि उजव्या कानाकडे वाकून ओरडली, ‘‘लग्न झाल्यापासून!’’

 दुसऱ्या दिवशी सकाळी बापाची बंदूक कापडात गुंडाळून ओइवा स्वतः यालमारीकडे गेला. यालमारी आमच्या भागात बंदुका दुरुस्त करतो, कमी बोलतो आणि हात सोन्याचा आहे. ओइवाने बंदूक बाकावर ठेवली आणि म्हणाला, ‘‘पाड आटे. मी बाहेर थांबतो.’’ आणि लाकडाच्या ढिगामागे जाऊन उभा राहिला. हे यालमारीनेच मला सांगितलं.

सायलेन्सर बसला. तो चढवला की गोळी जरा वेगळ्या जागी लागते, त्यामुळे बंदुकीवरची दुर्बीण पुन्हा जुळवावी लागली. इर्मेली त्याच्या उजवीकडे बसून सांगायची, ओइवा कुरकुरत स्क्रू फिरवायचा. उन्हाळाभर तो चांगलं मारत होता. नेमबाजी झाली की सायलेन्सर उतरवायचा, घरी न्यायचा. मला वाटलं, संपली ही गोष्ट. पण आमचे पुरुष असे सुखासुखी सुटतात होय!

सप्टेंबरात क्लबची स्पर्धा असते. बक्षीस कॉफीची पाकिटं आणि लाकडी मुसाचं मुंडकं, ते वर्षभर जिंकणाऱ्याच्या घरात राहतं. गेली बरीच वर्षं ते ओइवाच्या चुलीवर टांगलेलं होतं. तौनो उघड म्हणत होता, ह्या वर्षी नळीला नळी लावलीय, ह्या वर्षी मुंडकं माझं. ओइवा हसायचा. पण त्याला ते लागलं होतं. सायलेन्सर लावूनही तोच जिंकतो, हे त्याला दाखवायचं होतं.

स्पर्धेच्या दिवशी तो रांगेत सगळ्यात मागे उभा राहिला. पुढे सरकायची वेळ आली की मागच्याला म्हणायचा, तू जा. दोनदा कॉफी प्यायला आला. ओइवा एका रविवारी दोन कप पितो म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मी ओळखलं. शेवटी रांगेत कुणी उरलं नाही आणि इर्मेलीने हात पुढे केला.

‘‘काढ.’’

‘‘आत्ताच घरी बघितलास की.’’

‘‘घरी मी बायको असते. काढ.’’

त्याने फिरवल्यासारखं केलं. निघेना. इर्मेलीने टॉवेल घेतला, पकडला, जोर लावला. दुधाचे कॅन उचललेले हात ते, पण सायलेन्सर हलला नाही.  तिने खाली वाकून वास घेतला.

‘‘सौनात ठेवलास?’’

ओइवा छपराकडे बघायला लागला.

‘‘ओइवा. सौनात?’’

‘‘वाळत ठेवला होता. तूच म्हणतेस ना, वाळवा म्हणून.’’

‘‘आणि तापल्या दगडांवर पाणी कुणी ओतलं?’’

‘‘मीच. सौना आहे ती. पाणी ओतणारच.’’

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मीही हसले असते, पण इर्मेलीचा चेहरा बघितला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काल संध्याकाळी हा सौनात बसला, सायलेन्सर वरच्या बाकावर, सगळी वाफ त्याच्या पोटात. तेवढ्यात बाहेर इर्मेलीची गाडी वाजली, म्हणजे वाजल्याचं त्याला जाणवलं. हिच्या नजरेला पडू नये म्हणून हा टॉवेल गुंडाळून धावला, कपाटातून बंदूक काढली आणि भाजत असलेला सायलेन्सर दुसऱ्या टॉवेलात धरून घाईघाईने थंड नळीवर पिळला. वाकडा बसला की सरळ, ते चाचपायला भाजलेला हात तयार नव्हता. गार झाल्यावर तो आवळून बसला तो बसलाच.

इर्मेलीने बोल्टच्या बाजूने नळीत तपासणीची सळई घातली. सळई टोकाशी आली तेव्हा सगळे वाकून बघायला लागले. ती सायलेन्सरच्या भोकाच्या मधोमध यायला हवी. ती एका कडेला टेकली होती. म्हणजे गोळीही तिथेच टेकली असती.

‘‘ही बंदूक आज चालणार नाही,’’ इर्मेली म्हणाली.

यालमारी गर्दीतून पुढे आला, त्याने सळईकडे नुसतं बघितलं. ‘‘ठेव माझ्याकडे. बुधवारी काढून देतो. आटे वाचतील.’’

ओइवाचा चेहरा उतरला. इतका की मला त्याचा राग आला होता तो विरला. आणि तेवढ्यात तौनो पुढे आला. हातात त्याची जुनी बंदूक. ही ओइवाच्या बंदुकीची सख्खी बहीण. दोघांच्या बापांनी एकाच हिवाळ्यात, एकाच दुकानातून घेतलेल्या. तौनो ती अजून बरोबर आणतो, कारण नवीवर त्याचा जीव बसलेला नाही. दुसऱ्या कुणाच्या बंदुकीने ओइवाने धान्याच्या कोठाराची भिंतही चुकवली असती, पण ही त्याला हातासारखी होती. आणि तिला सायलेन्सर नव्हता.

‘‘घे. हिने मार,’’ तौनो म्हणाला. ‘‘तुझ्याशिवाय जिंकलो तर मला ते मुंडकं नको.’’

मनापासून म्हणत होता मेला. तेच तर वाईट.

‘‘एकदाच तर,’’ मागून कुणी म्हणालं. ‘‘झाकणं घट्ट दाबून घाल. एका दिवसाने काय होतंय?’’

बिनसायलेन्सरच्या बंदुकीला रेंजवर बंदी नाही. इर्मेली नियमाने काही म्हणू शकत नव्हती. पण नियमाची गरज तिला कधी लागली होती? मी हातातली पळी तशीच घेऊन खोपटाबाहेर आले आणि वाट बघत राहिले की आता ही ओरडेल, आता हिच्या आवाजाने पाइनची झाडं हलतील. ती टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी. मी तोंड उघडलं तर तिने माझ्याकडे असं बघितलं की मी मिटलं. तिला एवढं घाबरलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

नंतर मी तिला विचारलं, का गप्प बसलीस गं? ती म्हणाली, ‘‘मी ओरडले असते तर त्याने माझं ऐकलं असतं. मला तसं नको होतं.’’

ओइवाने तौनोची बंदूक हातात घेतली. तोलून बघितली. झाकणं कानांवर चढवली, रेघेवर जाऊन उभा राहिला. हात वर केल्यावर मूस सुटतो, त्याने हात वर केला. मूस रुळावरून धावायला लागला आणि ओइवा त्याच्या छातीवर नेम धरून फिरत गेला. दस्ता उजव्या झाकणाला लागला आणि झाकण वर सरकलं. मला खालचा कान दिसत होता. इर्मेलीला तर दिसतच असणार. मी डोळे मिटून घेतले.

दणका झाला नाही.

डोळे उघडले तेव्हा मूस पलीकडे जाऊन पोचला होता, छातीला एकही नवं भोक नाही. ओइवाने बंदूक खाली घेतली, बोल्ट काढला आणि दोन्ही तौनोच्या हातात दिलं.

‘‘नको,’’ तो म्हणाला. ‘‘मला घरी जाताना ऐकायचंय.’’

तौनोला काही कळलं नाही. अर्ध्या क्लबला कळलं नाही. ओइवा सरळ टेबलाकडे चालत आला, इर्मेलीपुढे उभा राहिला आणि हात पुढे केला, सकाळपासून ती लोकांपुढे करत होती तसाच.

‘‘किल्ली दे.’’

‘‘कसली?’’

‘‘गाडीची.’’

आमच्या गावात इर्मेलीकडे गाडीची किल्ली मागायला मोठी छाती लागते. एकदा तिच्या पायाला प्लास्टर होतं तेव्हा डेअरीचा साहेब मागायला गेला होता, तर त्याला चालत परत यावं लागलं होतं. ती ओइवाच्या हाताकडे बघत राहिली. मग तिने अंगातल्या जाकिटाच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. 

‘‘गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना अडकतो,’’ ती म्हणाली.

‘‘माहीत आहे मला.’’

‘‘तुला कसं माहीत? तू कधी चालवलीस?’’

‘‘बाजूला बसून बघतो की. दुसरं करायचं काय मी तिथे?’’

मुंडकं तौनोने जिंकलं. संध्याकाळी त्याने ते ओइवाच्या फाटकाला नेऊन टांगलं आणि कॉफीची पाकिटं मला आणून दिली, असं म्हणाला की त्याला ती गोड लागणार नाहीत. बक्षीसवाटपाला ती दोघं थांबलीच नव्हती. तपासणीचं टेबल तसंच उघडं टाकून इर्मेली गेली, आणि सळई पुसून जागेवर मी ठेवली.

पण त्याआधी त्यांची गाडी माझ्या खिडकीपुढून गेली. ओइवा डावीकडे, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, पाठ ताठ. इर्मेली उजवीकडे, पट्टा लावून, पाहुण्यासारखी. तिचं तोंड चालू होतं. ओइवा मान हलवत होता, मग त्याने काहीतरी उलट उत्तर दिलं, आणि तिने दोन्ही हात हवेत उडवले, मग त्याच्या खांद्यावर एक चापट मारली आणि पुन्हा बोलायला लागली. दुसऱ्यातून तिसऱ्यात गिअर अडकला, गाडीने आचका दिला. तरी तिने त्याला टोकलं नाही, तिचं दुसरंच काही चाललं होतं.

फाट्यावर घरी जायला डावीकडे वळतात. ते उजवीकडे वळले. तो रस्ता सगळ्या तळ्याला वळसा घालून जातो आणि त्याने घरी पोचायला फार उशीर होतो.